गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी एमजीबी: थंड होण्याआधीची वीस मिनिटे

तुमची १९७१ सालची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) तासभर नीट चालते, मग वेगात असताना मिसिंग करू लागते आणि रस्त्याच्या कडेला पोहोचेपर्यंत बंद पडते. अर्धा तास थांबले की पहिल्याच स्टार्टरला सुरू होते आणि पुढचे पंधरा-वीस किलोमीटर काही घडलेच नाही अशा थाटात धावते. दोन मेकॅनिकांनी पेट्रोलची वाफ होत असल्याचे सांगितले, तिसऱ्याने कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचा व्होल्टेज वाढवणारा भाग) बदलली, दोन्ही कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ झाले, पण दोष जिथल्या तिथे आहे. आता पुढे कोणता भाग बदलावा, असे तुम्ही विचारले आहे.

तूर्त एकही भाग बदलू नये, हे माझे उत्तर आहे. अशा दोषाची खरी अडचण भागांची नसते. दोष शोधायला हात लावावा, तेव्हा तो तिथे हजर नसतो, ही खरी अडचण असते. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते ती थंड होऊन आणि स्वतःच्या चाकांवर चालत. तिथे सगळे तपासून बरोबर निघते, मग अंदाजाने काहीतरी बदलले जाते, गाडी अर्थातच सुरू होते (ती तशीही होणारच होती) आणि ज्या भागाला शेवटचा हात लागला त्याला श्रेय मिळते. पुढच्या लांबच्या प्रवासात ते श्रेय खोटे ठरते. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची आणि इंजिन निवण्याआधीची ती वीस मिनिटेच तुमच्या हातात आहेत. त्या वेळात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न न करता ठिणगी गेली की पेट्रोल गेले, एवढे एकच ठरवायचे आहे.

हे मी फटके खाऊन शिकलो आहे. माझ्याकडच्या अशाच एका जुन्या दोन आसनी गाडीने मला एकाच मोसमात तीन वेळा रस्त्यावर उभे केले. पहिल्या वेळी मी कंडेन्सर (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांवरची नको असलेली ठिणगी दाबणारा छोटा भाग) बदलला, गाडी सुरू झाली आणि मी खूश झालो. दुसऱ्या वेळी रोटर (वीज एकेका प्लगकडे वळवणारा फिरता तुकडा) बदलला आणि जुना रोटरच चोर होता, असे चार जणांना छातीठोकपणे सांगितले. तिसऱ्या वेळी पिशवीत बदलण्यासारखे काही उरलेच नव्हते, म्हणून नाइलाजाने टेस्ट लॅम्प जोडून बघत बसलो. पाच मिनिटांत दोष सापडला. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्याच्या, आतली बोटभर लांबीची वायर कापडी वेष्टनाखाली तुटलेली होती. बाहेरून ती अगदी धडधाकट दिसत होती. गरम झाली की तुटलेली टोके अलग होत आणि निवली की पुन्हा एकमेकांना टेकत.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे सांगणे भाग आहे. तुमच्या गाडीत अजून मूळचे पॉइंट्स (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क) आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मी तेच धरून चालतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेले असेल, तर पॉइंट्स आणि कंडेन्सरबद्दलचे बरेचसे लिहिणे लागू होणार नाही आणि गरम झाल्यावर पहिला संशय त्या मॉड्यूलवरच घ्यावा लागेल. पेट्रोल पंप मूळचा टिकटिक करणारा एसयू कंपनीचा आहे की नंतर कोणी दुसरा बसवला आहे, यावरही कानाला काय ऐकू येईल ते ठरते. एमजीबीमध्ये १९६७ अखेरीपर्यंत बॅटरीचे धन टोक अर्थला (गाडीच्या धातूच्या अंगाला) जोडलेले असे. तुमच्या सालच्या गाडीत ऋण टोक अर्थला असते आणि मी त्याच हिशेबाने लिहीत आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी कुठे थांबली आहे हे पाहावे. वळणावर, अंधारात किंवा भरधाव रहदारीच्या कडेला असाल, तर यातले काहीही करू नये. त्रिकोण मागे लांब ठेवावा, स्वतः रस्त्यापासून दूर उभे राहावे आणि गाडी ओढून न्यायची व्यवस्था करावी. त्या दिवशी दोष सापडला नाही तरी चालेल.

तपासणी खरे तर गाडी थांबण्याच्या आधीच सुरू होते आणि बहुतेक लोकांची चूक इथेच होते. इंजिन अडखळू लागले की माणूस क्लच दाबतो, न्यूट्रल करतो आणि घाबरून चावी फिरवत राहतो. मागे वाहन नसेल आणि रस्ता मोकळा असेल, तर दोन-तीन सेकंद गाडी गिअरमध्येच राहू द्यावी आणि नजर आरपीएम मीटरवर टाकावी. तुमच्या सालच्या गाडीत कॉइलकडे जाणारा प्रवाह या मीटरमार्गे जातो आणि पॉइंट्स उघडझाप करत असले तरच काटा हलतो. चाके इंजिनाला फिरवत असतानाही काटा एकदम शून्यावर कोसळला, तर कॉइलच्या बारा व्होल्टच्या बाजूला, म्हणजे चावी, वायर, जोड, पॉइंट्स यांपैकी कुठेतरी वीज तुटली आहे. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली येत असेल, तर ती बाजू शाबूत आहे. मग कॉइलच्या पुढची उच्च व्होल्टेजची बाजू किंवा पेट्रोल, एवढेच उरते.

त्याच दोन-तीन सेकंदांत दुसरी एक गोष्ट करता येते, ती म्हणजे चोक थोडा ओढून पाहावा. एसयू कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की जेट खाली सरकतो आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. पेट्रोल कमी पडत असेल, तर इंजिन क्षणभर का होईना जीव धरते. ठिणगीच नसेल, तर चोकने काहीही फरक पडत नाही. सायलेन्सरमध्ये फटाक्यासारखा आवाज झाला, तर तोही लक्षात ठेवावा. वीज जाऊन पुन्हा आली की मधल्या वेळात न जळता मागे गेलेले पेट्रोल तिथे पेट घेते, म्हणून हा आवाज बहुधा विजेच्या दोषाकडे बोट दाखवतो. पेट्रोल संपत आलेले इंजिन सहसा अशी आतषबाजी करत नाही. ते खोकत, झटके देत, ओढ कमी होत बंद पडते. तुमच्या वर्णनात 'मिसिंग करते आणि मग बंद पडते' एवढेच आहे. काटा कसा पडला हे तुम्हाला आठवत नसेल, तर पुढच्या वेळी शेजारी बसणाऱ्याला फक्त ते एक काम द्यावे.

गाडी थांबली की चावी बंद करावी. चावी चालू ठेवून विचार करत बसू नये, कारण इंजिन नेमके पॉइंट्स मिटलेल्या स्थितीत थांबले असेल, तर कॉइलमधून अखंड प्रवाह वाहतो आणि ती विनाकारण तापते. मग शांतपणे एकदा चावी चालू करून कान द्यावा. एसयू पंप भरभर टिकटिकतो, मग मंदावतो आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल साठवणारे छोटे भांडे) भरले की गप्प होतो. त्यामुळे गप्प पंप म्हणजे बिघडलेला पंप, असे समजू नये, कारण चेंबर भरलेले असतील तर तो गप्पच बसायला हवा. एवढे ऐकून झाले की पेट्रोलचा विषय तात्पुरता बाजूला ठेवून ठिणगीकडे वळावे. हा क्रम मी मुद्दाम ठेवतो. पेट्रोलची तपासणी करताना थोडे तरी सांडतेच आणि ते सांडल्यावर ठिणगी पाडून बघणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

ठिणगीसाठी आधी टेस्ट लॅम्प घ्यावा. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी आणि दोन क्लिपा एवढेच ते उपकरण असते आणि या कामात मी मल्टिमीटरपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण एखाद्या गंजलेल्या जोडातून मीटरला पुरेल एवढा व्होल्टेज दिसतो, पण बल्ब पेटवायला लागणारा प्रवाह येत नाही. एक क्लिप इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावी आणि दुसरी कॉइलच्या पांढऱ्या वायरीच्या टोकाला. चावी चालू केल्यावर बल्ब पेटला नाही, तर दोष चावीपासून कॉइलपर्यंतच्या वाटेत आहे. या गाड्यांतले बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दाबून बसवायचे जोड आतून हिरवे पडलेले असतात, चावीच्या स्विचचे आतले संपर्कही झिजलेले असतात आणि गरम झाल्यावर दोन्ही दगा देतात. घरी पोहोचण्यापुरता उपाय असा आहे. पांढरी वायर कॉइलवरून काढून तिचे टोक टेपने गुंडाळून ठेवावे आणि फ्यूज बॉक्सवरच्या तपकिरी वायरीच्या, म्हणजे कायम वीज असलेल्या टोकापासून मधे फ्यूज असलेली एक वेगळी वायर कॉइलला द्यावी. पांढरी वायर न काढता जोडले, तर वीज उलटी बाकीच्या जाळ्यात शिरते. मात्र आता इंजिन चावीने बंद होणार नाही, क्लिप काढूनच बंद करावे लागेल. आणि चावीचा स्विचच मेला असेल, तर पेट्रोल पंपालाही स्वतंत्र वायर द्यावी लागेल, कारण त्यालाही तिथूनच वीज मिळते.

बल्ब पेटला, तर तीच क्लिप कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाला लावावी आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगावे. पॉइंट्स मिटले की बल्ब विझतो, उघडले की पेटतो, म्हणून तो लुकलुकला पाहिजे. अख्ख्या तपासणीत सर्वांत जास्त बोलणारी खूण हीच आहे. बल्ब सतत विझलेला राहिला, तर पॉइंट्स उघडत नाहीत, किंवा ती वायर कुठेतरी धातूला टेकली आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे, किंवा कॉइलची आतली तारच तुटली आहे. बल्ब सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट्स मिटूनही प्रवाह अर्थपर्यंत पोहोचत नाही. माझ्या गाडीत नेमके हेच दिसले होते. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढावे आणि आत येणारी ती कापडी वेष्टनाची वायर चिमटीत धरून हळूच ओढावी. शाबूत तार ताठ वाटते आणि आतून तुटलेली असेल तर वेष्टन चिंगमसारखे ताणले जाते. तिच्याशेजारी पॉइंट्सची बैठक डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला जोडणारी आणखी एक आखूड वायर असते, तीही तशीच तपासावी. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनावरच्या भारानुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) ही बैठक सतत थोडी मागेपुढे फिरत असते आणि पन्नास वर्षांत या दोन वायरी लाखो वेळा वाकलेल्या असतात. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना नेमके मिसिंग होत असेल, तर माझा पहिला संशय यांच्यावरच जातो.

बल्ब व्यवस्थित लुकलुकत असेल, तर कॉइलमधून निघून डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध जाणारी जाड वायर झाकणातून उपटावी आणि तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून साधारण सहा मिलिमीटर अंतरावर धरावे. ती हाताने धरू नये. रबरी मुठीच्या पकडीने धरावी आणि दुसरा हात गाडीला टेकवू नये. सोबत कोणी नसेल, तर एकट्याने करण्याची रीत अशी आहे: पॉइंट्स मिटलेले असताना चावी चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट्स झटकन उघडायचे. दर वेळी एक ठिणगी पडते. निळसर, जाड, 'टक्' असा आवाज करणारी ठिणगी चांगली असते. पिवळी, बारीक, कधी पडणारी तर कधी न पडणारी ठिणगी म्हणजे कंडेन्सर किंवा कॉइल. कंडेन्सर निकामी असेल तर पॉइंट्स उघडताना त्यांच्यामध्ये लखलखाट दिसतो. बारीकशी निळी चमक मात्र नेहमीचीच असते, तिला घाबरू नये.

कंडेन्सरची खात्री करण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या आत हात घालण्याचीही गरज नाही. पिशवीतला नवा कंडेन्सर बाहेरच कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला जोडावा आणि त्याचे धातूचे अंग क्लिपने इंजिनाला टेकवावे. जुना कंडेन्सर आतून तुटलेला किंवा कमजोर असेल, तर ठिणगी तत्काळ सुधारते. मिनिटभराचे काम आहे आणि तसाच बाहेर बांधून घरीही जाता येते. जुना शॉर्ट झालेला असेल, तर मात्र त्याची वायर आधी काढावीच लागते. कंडेन्सरचे मूल्य ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपास असते आणि तो थंड असताना मोजून पास झाला म्हणून गरम असताना पास होईलच असे नाही. जुने कंडेन्सर टिकाऊ होते, नव्यांपैकी काही डब्यातून काढल्यापासूनच अशक्त असतात. म्हणून मी नवा भाग सरळ पिशवीत टाकत नाही. आधी पाचशे किलोमीटर गाडीत चालवून बघतो आणि मग 'चालणारा' अशी चिठ्ठी लावून पिशवीत ठेवतो.

कॉइलच्या वायरीला चांगली ठिणगी आहे पण प्लगला नाही, अशी स्थिती असेल तर रोटर पकडायचा. त्याची एक छान परीक्षा आहे. रोटर जागेवर ठेवून, झाकण उघडे असताना, तीच जाड वायर रोटरच्या मधल्या धातूच्या पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटर वर धरावी आणि पॉइंट्स पुन्हा झटकन उघडावेत. रोटर चांगला असेल, तर ठिणगीला पुढे जायला वाट नसते, म्हणून ती पडत नाही, किंवा पहिल्यांदा अगदी क्षीण पडते. दर वेळी टकटक ठिणगी पडू लागली, तर वीज रोटरच्या प्लास्टिकमधून फुटून खालच्या दांड्यात उतरते आहे. नजरेला असा रोटर अगदी नवाकोरा दिसतो. हा दोषही गरम झाल्यावर वाढतो. पट्टी रिव्हेटने बसवलेल्या रोटरमध्ये वीज फुटण्याची जागा बहुधा तो रिव्हेटच असतो, म्हणून मी रिव्हेट नसलेलाच रोटर घेतो.

आता तुमच्या बदललेल्या कॉइलबद्दल. हा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण मला तो खटकला. तुमच्या सालच्या एमजीबीला साध्या बारा व्होल्टची, सुमारे तीन ओहम रोधाची कॉइल लागते. काळ्या रबरी बंपरच्या, म्हणजे १९७४ अखेरीनंतरच्या गाड्यांत वायरिंगमध्येच एक रोध घातलेला असतो आणि तिथे सुमारे दीड ओहमची कॉइल बसते. दिसायला दोन्ही सारख्याच. दीड ओहमची कॉइल तुमच्या गाडीत बसली असेल, तर चार अँपिअरच्या जागी आठच्या आसपास प्रवाह वाहतो, कॉइल भाजून निघते आणि पॉइंट्स जळतात. म्हणजे मूळ दोष एक आणि दुरुस्तीने आणलेला दोष दुसरा, असे दोन चोर एकाच घरात असू शकतात. घरी, इंजिन थंड असताना, कॉइलच्या दोन्ही बारीक टोकांच्या वायरी काढून रोध मोजावा. चांगली कॉइलसुद्धा चालत्या गाडीत हात लावू देत नाही एवढी तापते, त्यामुळे नुसती गरम लागली म्हणून तिला दोषी ठरवू नये.

ठिणगी सर्वत्र चांगली निघाली, तर पेट्रोल. इथे एक सावधगिरी या इंजिनाच्या रचनेतूनच येते. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला, एकाखाली एक आहेत. कार्ब्युरेटरजवळ सांडलेले पेट्रोल थेट तापलेल्या लोखंडावर पडते. म्हणून कार्ब्युरेटरचा पाइप काढण्याआधी पाच-सात मिनिटे बॉनेट उघडे ठेवावे, खाली जाड फडके धरावे, काढलेल्या पाइपला लांब रबरी नळी जोडून तिचे टोक गाडीच्या पुढे ठेवलेल्या बरणीत सोडावे आणि आग विझवायचे नळकांडे डिकीत न ठेवता हाताशी ठेवावे. मग चावी चालू करावी. मिनिटभरात अर्धा लिटर तरी पेट्रोल जोरात आले पाहिजे. तसे आले, तर पंप, टाकी आणि लाइन यांची निर्दोष सुटका झाली आणि संशय फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या सुईझडपांवर येतो.

पेट्रोल आले नाही, तर पंपाची भाषा ऐकावी. तो मशीनगनसारखा वेगात टिकटिकत असेल, तर तो हवा ओढतो आहे: टाकी रिकामी आहे किंवा पंपाच्या आधीची नळी चिरली आहे. पूर्ण गप्प असेल, तर मागच्या उजव्या चाकाजवळ गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या पंपाला वीज पोहोचते का, ते लॅम्पने पाहावे आणि पोहोचत असेल तर पान्याच्या मुठीने पंपाच्या अंगावर हलकेच टकटक करावे. पंपाचे स्वतःचे पॉइंट्स चिकटलेले असतील, तर तो दचकून जागा होतो. अशा पंपावर घरापर्यंत जाता येते, पुढच्या प्रवासाला निघता येत नाही. गप्प आणि वर हाताला तापलेला असेल, तर मात्र टाकीकडून येणारी वाट तुंबली असावी.

हा तुंबण्याचा प्रकार तुमच्या लक्षणांशी इतका जुळतो की त्यावर थोडे थांबतो. जुन्या टाकीत गंजाचा गाळ असतो. गाडी वेगात असताना पंप जोरात ओढतो, गाळ हळूहळू नळीच्या तोंडाशी जमतो आणि वाट बंद होते. इंजिन थांबले, ओढ संपली की गाळ पुन्हा तळाला बसतो आणि अर्ध्या तासाने गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. लक्षण हुबेहूब गरम झाल्यासारखे, पण उष्णतेचा संबंध शून्य. ओळख अशी की थंड दिवशीही ती तशीच बंद पडते आणि सावकाश चालवली तर पडत नाही. टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बुजला असेल तरी असेच होते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणच दोषी आहे. गाळ निघाला, तर टाकीकडची नळी पंपापासून सोडवून, टाकीचे झाकण उघडे ठेवून, टायरच्या पंपाने उलटी हवा मारली की तात्पुरते काम होते. पेट्रोल पंपातून मात्र उलटी हवा मारू नये, त्याच्या झडपा बिघडतात.

आणि आता वाफ. हा दोष नसतोच, असे मी म्हणत नाही. आजचे पेट्रोल जुन्यापेक्षा लवकर उडते आणि कार्ब्युरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावरच बसलेले आहेत. पण तो त्रास होतो कधी, ते पाहावे. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटे उभे केले, वारा थांबला, खालची उष्णता वर चढली, फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळले, आणि मग गाडी सुरू व्हायला त्रास देते, असा त्याचा क्रम असतो. तुमची गाडी नेमके याच्या उलट वागते: वाऱ्यात, वेगात असताना बंद पडते आणि उभी राहिल्यावर सुधारते. शिवाय पंप इंजिनाला चिकटलेला नसून मागे टाकीजवळ आहे आणि लाइनमध्ये पेट्रोल ढकलत आणतो. ओढून आणलेल्या पेट्रोलची वाफ जितकी सहज होते, तितकी ढकललेल्याची होत नाही. म्हणून दोन्ही मेकॅनिकांचे निदान मला पटत नाही. लाइनला लाकडी चिमटे लावणे, ओले फडके गुंडाळणे हे उपाय केल्यावर गाडी सुरू होते ती बहुतेक वेळा फडके गुंडाळायला लागलेल्या वेळामुळे.

पिशवीत फार काही लागत नाही. टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिपा असलेली दोन मीटर वायर आणि तिच्यात फ्यूज, वापरून पारखलेले पॉइंट्स, कंडेन्सर आणि रोटर, एक जादा प्लग, रबरी मुठीची पक्कड, बारीक आणि मोठा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला बांधायची बॅटरी, मीटरभर पेट्रोलची नळी आणि क्लिपा, झाकणाची बरणी. पॉइंट्सची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी लागते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नसेल, तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड जवळपास त्याच मापाचे असते. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलत पॉइंट्सची टाच कॅमच्या टोकावर, म्हणजे पॉइंट्स सर्वांत जास्त उघडतात त्या जागी, आणावी, कार्ड आत सरकवून स्क्रू आवळावा आणि शेवटी कोरा कागद पॉइंट्समधून ओढून बोटांचे तेल पुसून टाकावे. हे शेवटचे विसरले की नवे पॉइंट्स असूनही ठिणगी पडत नाही आणि माणूस रात्री रस्त्यावर वेडा होतो.

या अंतरावरून मी पैज लावायचीच झाली, तर डिस्ट्रिब्युटरमधल्या त्या दोन आखूड वायरी आणि कंडेन्सर यांच्यावर लावीन आणि त्यानंतर टाकीतल्या गाळावर. पण ती पैजच आहे, निदान नव्हे. आज घरी दोन कामे करावीत: नव्या कॉइलचा रोध मोजावा आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून वायरी ओढून पाहाव्यात. दुसरे काहीही बदलू नये. मग एखाद्या मोकळ्या दिवशी, सोबत कोणालातरी घेऊन, गाडी बंद पडावी म्हणूनच तिला बाहेर काढावी. बंद पडताना काटा एकदम कोसळला की सावकाश उतरला, चोक ओढल्यावर काही फरक पडला का, आणि कॉइलचे किती ओहम भरले, एवढ्या तीन गोष्टी लिहून पाठवा. मग पुढे कुठे हात घालायचा ते मी नेमके सांगू शकेन.